निरोगी माणसांचा तक्ता

८ जानेवारी

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. ताई, तू फोन का करत नाहीस, असं विचारलंयस. दिवसभर ग्रंथालयात गप्प बसायची सवय झालीय, आणि घरी पोचेपर्यंत बोलायची हौस उरत नाही. पत्र बरं. पत्रात मधेच थांबलं तरी समोरच्याला कळत नाही.

इथे यंदा एक काम अंगावर पडलंय. आमचं हे छातीचं हॉस्पिटल चालू ठेवायचं, की शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात एक वॉर्ड म्हणून घालायचं, हे ठरवायला एप्रिलमध्ये खात्याची समिती येणार आहे. समिती रुग्ण बघणार नाही. किती बरे झाले, किती गेले, हेही विचारणार नाही. आमच्या डॉक्टरांनी किती शोधनिबंध लिहिले आणि इतरांनी स्वतःच्या निबंधांत त्यांचा किती वेळा आधार घेतला, एवढंच बघणार. कुणी आधार घेतला की एक उल्लेख. जितके उल्लेख जास्त तितकं हॉस्पिटल मोठं. हा अहवाल ग्रंथपालाने करायचा, म्हणजे मी.

करते आहे. आमचे बहुतेक निबंध मेलेले आहेत. छापून आले आणि कपाटात गेले. काही तर लिहिणाऱ्यांच्या बायकांनीही अर्ध्यावर सोडले असतील. जिवंत आहे तो एकच, सरांचा तक्ता. सर तुला आठवत असतील, आईला तेच बघायचे. तरुणपणी त्यांनी निरोगी माणसांना यंत्रात फुंकायला लावून तो तक्ता केला. अमुक वयाच्या, अमुक उंचीच्या माणसाच्या छातीतून एका दमात एवढी हवा बाहेर यायला हवी. आली तर माणूस नॉर्मल. त्याआधी बाहेरून आलेले तक्ते वापरायचे, आणि त्यांत आपल्याकडची निम्मी माणसं आजारी ठरायची. सरांनी आपल्या माणसांचा आपला तक्ता केला. आज कुठल्या कुठल्या दवाखान्यांत तो यंत्रातच भरलेला असतो. हॉस्पिटलचे बाकीचे सगळे निबंध एका पारड्यात आणि हा एक दुसऱ्यात ठेवला, तर हा खाली जाईल.

तक्ता आहे म्हणून आपण आहोत, असं इथे सगळे म्हणतात. सर रोज सकाळी ग्रंथालयात फोन करून विचारतात, "आज किती?" मी आकडा सांगते. ते "बरं" म्हणून फोन ठेवतात.

डबा मी आता वरच खाते. खाली उपाहारगृहात गर्दी असते. तुझा खोकला कसा आहे ते लिही. तुझ्या बायकोला आणि मुलीला आशीर्वाद.

ताई

२७ जानेवारी

ताई,

खोकला मजेत आहे. माझ्याआधी उठतो, माझ्यानंतर झोपतो.

मी मात्र थकलो. बोटीवरून धक्क्यावर येणारी फळी उतरताना काही नाही, पण रिकाम्या हाताने परत चढताना हल्ली मधे उभं राहावं लागतं. मागची माणसं तुंबतात. मुकादमाला म्हटलं, मला गेटवर टाका, गेटवरचा म्हातारा आता जातोय. मुकादम म्हणाला, डॉक्टरचा कागद आण.

कंपनीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी नाकाला चिमटा लावून नळीत फुंकायला लावलं. "फुंका, फुंका, अजून, अजून." डोळ्यांपुढे काळोखी आली. पडद्याकडे बघून म्हणाले, "नॉर्मल."

म्हटलं, "साहेब, फळी चढवत नाही."

"मलाही माझा जिना चढवत नाही. वजन कमी करा."

"माझं वजन आहे कुठे?"

"मग वाढवा."

मग त्यांनी पडदा माझ्याकडे फिरवला. खाली बारीक अक्षरांत तुमच्या हॉस्पिटलचं नाव होतं. तुझं पत्र नुकतंच वाचलेलं, म्हणून ओळखलं. मी आपला फुशारकीने म्हणालो, "माझी बहीण तिथेच आहे." तर म्हणाले, "मग तुम्ही घरचेच." आणि नॉर्मल लिहून शिक्का मारला.

मुकादमाने तो कागद सगळ्यांसमोर वाचून दाखवला. तेव्हापासून गोदामात माझं नाव नॉर्मल पडलंय. ए नॉर्मल, उचल. नॉर्मलला चहा द्या रे, दमला बिचारा. तसे वाईट नाहीत. पण मी उभा राहिलो की आता कुणी थांबत नाही. बाजूने जातात.

ताई, तू तिथे इतकी वर्षं आहेस म्हणून विचारतो. यंत्र ठीक म्हणतं आणि मला ठीक वाटत नाही, तर दोघांत कुणाचं धरायचं?

फोनचं तू म्हणतेस ते खरं. इथे गोदामात तसाही फार आवाज असतो.

धाकटा

११ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र वाचून जीव भांड्यात पडला. मनात उगाच नाही नाही ते येत होतं. फुंकून नॉर्मल आलं म्हणजे छाती चांगली आहे. यंत्राला तुझ्याशी वैर नाही आणि मुकादमाशी सोयरीक नाही. तू पन्नाशीला आलास, काम जड आहे, जेवणाच्या वेळा नाहीत, झोप नाही. दमायला आणखी काय लागतं? उशी उंच घेऊन झोप. गेटच्या जागेसाठी अर्ज कर, पण छातीचं कारण देऊ नकोस, वयाचं दे.

तुझी गोष्ट मी सरांना सांगितली. म्हटलं, माझ्या भावाला तिकडे बंदरावर आपल्याच तक्त्याने मोजलं. ऐकून त्यांचा चेहरा उजळला. त्यांच्या कोटाची कोपरं विरलीत, हाताला कंप आहे, निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली तरी मानद म्हणून रोज येतात. त्यांना आनंद व्हावा असं इथे फारसं काही घडत नाही. म्हणाले, "बघ, बंदरापर्यंत पोचला." मग म्हणाले, "हा उल्लेखात धरता येणार नाही, नाही का?" म्हटलं, नाही सर, छापून आलं तरच धरतात. तर खट्टू झाले.

अहवाल निम्मा झालाय. पहिल्याच पानावर तक्ता घेतलाय. तरुण डॉक्टर येऊन विचारतात, आमचे किती? मी सांगते. मग ते म्हणतात, परत एकदा बघा ना. बघून उल्लेख वाढत असते तर मी डोळ्यांत तेल घालून बसले असते.

हवा कोरडी आहे. वरच्या मजल्यावर धूळ फार येते. शिपाईबाई पुस्तकं खालून वर आणून देतात, चांगल्या आहेत.

जप.

ताई

२६ फेब्रुवारी

ताई,

उशी उंच घेतली. आता मान दुखते आणि खोकलाही येतो.

वयाचा अर्ज केला. मुकादम म्हणाला, तुझ्याहून मोठे अजून पोती उचलतात. खरंय, उचलतात.

एक विचारायचंय. त्या दिवशी डॉक्टर "फुंका, फुंका" म्हणत होते तेव्हापासून काहीतरी आठवत होतं. परवा फळीवर उभा असताना ते नीट आठवलं. आई तुमच्या हॉस्पिटलात होती, शेवटची. आपण व्हरांड्यात बाकावर बसलो होतो. बाबा, तू आणि मी. एक टकले काका यायचे, त्यांना आपण फुंकर काका म्हणायचो. ते बाकावरच्या सगळ्यांना एकेक करून आत न्यायचे आणि नळीत फुंकायला लावायचे. "लग्नात सनई वाजवतात तशी फुंका." फुंकलं की दोन बिस्किटं मिळायची. तुझी तू मला दिलीस.

त्यांनी मला विचारलं होतं, "तुला काही आजार?" मी म्हटलं, "आई आत आहे." ते म्हणाले, "आईला नाही विचारलं. तुला?" मी नाही म्हटलं. बाबांनीही नाहीच सांगितलं. बाबा त्यावेळी भट्टीवरून थेट आले होते. भुवयांवर चुना तसाच होता.

ताई, त्या बाकावर आपल्या वस्तीतलीच माणसं असायची. सगळी चुनाभट्टीवरची. पाळण्यापासून तोच धूर, तीच भुकटी. बाबा स्वतःला कधी आजारी म्हणाले नाहीत. शेवटच्या वर्षी त्यांना एक वाक्य पुरं करायला तीनदा थांबावं लागायचं, तरी विचारलं की म्हणायचे, मला काय धाड भरलीय.

सरांनी तक्त्यासाठी निरोगी माणसं कुठून आणली होती? ती आपणच का?

कारण तसं असेल, तर डॉक्टरांनी मला बाबांशी ताडून बघितलं. आणि बाबांएवढं मी अजून फुंकतो.

धाकटा

२४ मार्च

प्रिय धाकट्या,

उत्तराला महिना गेला. काम होतं. आणि कामाच्या आड बसता येतं, तेही होतं.

हो, आपण फुंकलं होतं. ती बिस्किटं मी विसरले नव्हते. त्यांचा आणि तक्त्याचा संबंध मात्र कधी मनात जोडला नाही. निबंधात एवढंच छापलंय, निरोगी स्वयंसेवक. ते शब्द मी इतकी वर्षं वाचतेय, आणि मला दर वेळी कुठलीतरी लांबची, उंच, धडधाकट माणसं दिसायची.

फुंकर काका सरांच्याच हाताखाली होते, ते आता नाहीत. म्हणून सरांकडेच गेले. त्यांच्या खोलीत उन्हाचा एक पट्टा येतो, तिथे खुर्ची ओढून बसले होते.

म्हटलं, "सर, तक्त्यातली निरोगी माणसं कोण होती?"

"होती. गावातली."

"रुग्णांना भेटायला आलेली?"

त्यांनी चष्मा काढला. "निरोगी माणूस हॉस्पिटलात कशाला येईल? कुणाला तरी भेटायलाच. चालत आत आला, खोकत नाही, मला काही नाही म्हणतो. त्याला आम्ही निरोगी धरलं. तेव्हा सगळे असंच करायचे."

"त्यातले बहुतेक भट्टीच्या वस्तीतले होते, सर. आत खाटेवर असलेला आणि बाहेर बाकावर बसलेला एकाच घरातले. आतल्याचा दम आधी संपला, एवढंच."

सरांनी चष्मा पुसून परत घातला. मग म्हणाले, "बाहेरच्या तक्त्यात आपली निम्मी माणसं आजारी निघत होती. मला वाटलं, तक्ताच चुकीचा आहे."

मी उभी होते. त्यांनी बस म्हटलं नाही. विसरले असतील.

शेवटी म्हणाले, "अहवाल जाऊ दे. मग बघू."

आता मी जे लिहिते ते नीट वाच. तक्ता पडला तर उल्लेख पडतील आणि त्यांच्याबरोबर हॉस्पिटल. फुंकायची खोली जाईल, वॉर्ड जाईल. भट्टीवरच्या माणसाला शहरातल्या त्या मोठ्या हॉस्पिटलात जायचं तर रोजगार बुडवून दिवसभर रांगेत उभं राहावं लागेल. तो जाणार नाही. घरीच खोकत बसेल. इथे निदान तो मला जिन्यातून दिसतो तरी. समिती एप्रिलमध्ये येऊन जाईल, मग सर तक्ता दुरुस्त करतील. मी त्यांच्या मागे लागेन. तोवर थांब. ओझं बेताने उचल. महिन्याचा तर प्रश्न आहे.

ताई

३१ मार्च

ताई,

बरं. थांबतो. तू सांगतेस म्हणजे विचार करूनच सांगत असशील. मुकादमाला म्हटलं, एप्रिलनंतर नवा कागद आणतो. म्हणाला, आण, मी कुठे पळून चाललोय.

धाकटा

१३ एप्रिल

वन्संना नमस्कार.

मी तुम्हाला कधी लिहीत नाही. हे पत्र लिहितेय ते यांना माहीत नाही.

हे मंगळवारी फळीवर खाली बसले. पडले नाहीत, बसले, आणि उठेनात. माणसांना वाटलं, नाटक करतायत. कुणीतरी म्हणालं, "नॉर्मल, उठ, फोटो काढायचाय का?" ओठ निळे दिसले तेव्हा धावले. मुकादमानेच उचलून गाडीत घातलं. तो माणूस आता रोज येऊन बाहेर बसतो. आत ये म्हटलं तर येत नाही.

इथल्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई आहेत. त्यांनी जुना कागद बघितला, मग यांना व्हरांड्यातून चालवलं आणि बोटाला चिमटा लावून बघितलं. छातीचा फोटो काढला. मला बाजूला बोलावून म्हणाल्या, "हे नॉर्मल कुणी ठरवलं?" मी काय सांगणार? फुप्फुसं आतून आवळत आलीत म्हणाल्या. जी गेली ती परत येणार नाहीत, उरलीत ती जपायची. आधी आले असते तर जपायला जास्त उरली असती, असंही म्हणाल्या.

वन्सं, मला तुमच्याशी भांडायचं नाही. पण तुम्हाला कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगते. हे तुम्हाला फोन करत नाहीत ते गोदामातल्या आवाजामुळे नाही. दोन वाक्यांत दम लागतो. तुम्हाला ऐकू जाईल म्हणून करत नाहीत. पत्रसुद्धा दोन दिवसांत मिळून लिहितात.

मार्चच्या शेवटी मी म्हणत होते, चला दुसऱ्या डॉक्टरांकडे. हे म्हणाले, ताईने एप्रिलपर्यंत थांबायला सांगितलंय. मी रोज म्हणायचे. रोज तेच उत्तर. शेजाऱ्यांनाही तेच सांगायचे, ताई हॉस्पिटलात आहे, तिने थांबायला सांगितलंय. जणू औषधच सांगितलंत.

आता घरी आणलंय. तुम्ही येऊन जाल तर बरं वाटेल त्यांना. मुलगी विचारते, आत्या कधी येणार?

तुमची भावजय

२२ एप्रिल

तुम्हा दोघांना,

पत्र मिळालं. पुन्हा पुन्हा वाचलं. घडलं तेवढं सांगते.

पत्र आलं त्या दिवशी अहवाल बांधायला जायचा होता. मी पहिलं पान काढून घेतलं आणि तक्त्याच्या नोंदीखाली एक ओळ घातली. या तक्त्यासाठी मोजलेल्या निरोगी व्यक्ती रुग्णांचे नातेवाईक होत्या, त्यांतील बहुतेक चुनाभट्टीच्या वस्तीत राहणाऱ्या होत्या, म्हणून या तक्त्यावरून कुणालाही नॉर्मल ठरवू नये. पान घेऊन सरांकडे गेले. म्हटलं, ही ओळ काढायची असेल तर अहवालावर सही दुसऱ्या कुणाची घ्या.

सरांनी वाचलं. तुझ्याबद्दल विचारलं. मी सांगितलं. त्यांनी खिशातून पेन काढलं. मला वाटलं, आता ओळीवर काट मारणार. त्यांनी 'बहुतेक' खोडलं आणि वर 'सर्व' लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं. मी पान परत टाइप केलं नाही. तसंच बांधलं.

तक्ता मागे घेत असल्याचं पत्रही त्यांनी तो छापणाऱ्या नियतकालिकाला पाठवलं. मजकूर त्यांनी सांगितला, मी लिहून घेतला. मधेच म्हणाले, "भावाला बंदरावर मोजलं म्हणालीस, तेव्हा मला आनंद झाला होता, नाही?" मी म्हटलं, "हो सर." पुढे सांगू लागले.

समिती आली. तिघं होते. दुपारच्या जेवणाआधी संपवायच्या घाईत होते. अध्यक्षांनी ओळ वाचली आणि विचारलं, मग या निबंधाचे उल्लेख धरायचे की नाही? त्यांच्या कारकुनाने नियम बघितले. म्हणाला, धरायचे. उल्लेख तो उल्लेख. निबंध बरोबर की चूक, याला रकाना नाही. अध्यक्ष "ठीक आहे" म्हणाले आणि पान उलटलं. ज्या ओळीच्या भीतीने तुला थांबवलं, तिच्यावर त्यांनी तेवढाच वेळ घालवला.

निकाल जूनमध्ये.

मी यायला हवं. येत नाही. एवढा प्रवास आत्ता जमणार नाही. का ते विचारू नका. मुलीला सांगा, आत्या येईल.

ताई

२० मे

ताई,

हे पत्र एका दमात लिहिलेलं नाही. पण आता ते लपवायचं कारण नाही, म्हणून बरं वाटतंय.

डॉक्टरीणबाईंनी यंत्रातला तक्ता बदलला. भट्टीच्या हवेत कधी न राहिलेल्या माणसांचा एक तक्ता त्यांनी कुठूनसा मिळवलाय. त्यावर मी कमी निघालो. बराच कमी. तसा कागद दिला. तो वाचून मला हसू आलं, बाई घाबरल्या. त्यांना सांगितलं, बाई, चार महिने मी नॉर्मल होतो, आता सुटलो.

मुकादमाने गेटवर खुर्ची टाकून दिलीय. अजून अर्धा दिवसच बसतो. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघतो. नाव तेच राहिलंय, पण म्हणण्याची तऱ्हा बदलली. नॉर्मल, सावलीत बस. असं.

ही तुला लिहून बसली, ते मला नंतर कळलं. रागावलो नाही. तूही तिच्यावर रागावू नकोस आणि स्वतःवर तर त्याहून नको. तू थांब म्हणालीस, मी थांबलो. थांबणं मला सोयीचंच होतं. डॉक्टरांनी काय सांगितलं असतं ते मला ऐकायचं नव्हतं. हिला हे सांगितलेलं नाही.

आता माझं ऐक. मला गेटवर बसून काम नसतं, म्हणून तुझी जुनी पत्रं बरोबर नेतो. त्यात तू लिहिलंयस की डबा वरच खातेस. शिपाईबाई पुस्तकं वर आणून देतात. रुग्ण जिन्यातून दिसतात, म्हणजे तू जिन्यात उभी असतेस. जिन्यात माणूस उगाच का उभं राहील? प्रवास जमणार नाही म्हणतेस. आणि फोन तू माझ्याही आधी सोडलास.

बाकावर आपण तिघं होतो, ताई. बाबा, मी आणि तू.

आता तुमचं यंत्र तिथे आहे तोवर फुंकून घे.

धाकटा

१६ जून

प्रिय धाकट्या,

निकाल आला. एक पान आहे. हॉस्पिटल मोठ्या हॉस्पिटलात विलीन होईल. तक्त्याचे सगळे उल्लेख त्यांनी मोजले, एकही सोडला नाही. तरी कमी पडले.

म्हणजे तुला थांबवलं नसतं तरी हेच झालं असतं. हे मी एकदाच लिहितेय, परत लिहिणार नाही.

फुंकायच्या खोलीतलं सामान हलवायला माणसं आली. सरांनी त्यांना बाहेर थांबायला सांगितलं आणि मला खाली बोलावलं. तुझं पत्र मी त्यांना दाखवलं नव्हतं. त्यांना सांगायची गरज नव्हती, दारापर्यंत पोचतानाची माझी धाप त्यांनी ऐकली होती. एक स्टूल उरलं होतं, त्यावर मला बसवलं. तंत्रज्ञ मुलगी आधीच बदलून गेलीय, म्हणून नळी त्यांनी स्वतःच लावली. नाकाला चिमटा लावायला त्यांना बराच वेळ लागला.

"फुंक," म्हणाले. "फुंक, फुंक, अजून. अजून थोडं. सोडू नकोस."

मी फुंकलं. दाराबाहेरची माणसं बघत होती.

यंत्रात अजून सरांचाच तक्ता आहे. पडद्यावर आलं, नॉर्मल. सरांनी ते वाचलं आणि यंत्राचं बटण बंद केलं. मग माझ्याशेजारी खोक्यावर बसले. थोड्या वेळाने नळीचं तोंड बदललं आणि म्हणाले, "आता मला फुंकायला लाव. मीही याच गावात राहिलो." मी "अजून, अजून" म्हणत होते. यंत्र मी परत सुरू केलंच नव्हतं, ते त्यांच्या लक्षात आलं नाही. किंवा आलं असेल.

तुझ्या डॉक्टरीणबाईंना माझे आकडे पाठवलेत. उत्तर काय येणार ते मला माहीत आहे, तुलाही. ग्रंथालयाची कपाटं गेली की मी येते. सावकाश येईन, वाटेत एक मुक्काम करून. तुझ्या घराला जिना किती आहे ते मला आता आठवत नाही. असेल तेवढा चढू.

तोवर रविवारी सकाळी फोन कर. मी घरीच असेन. तू बोल, मधे थांब, मी ऐकत असेन. मग मी बोलेन, मधे थांबेन. तू ठेवून देऊ नकोस.

ताई